बेळगावहून बंगळूरला इंटर्नशिपला जाताना : सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

माझा पहिला स्टायपेंड दोन महिने अडकला होता. काम चालू होतं, हजेरी लागत होती, बरोबरच्या तिघांना पैसे आले आणि मला आले नाहीत. अकाउंट्समध्ये विचारायला गेले तेव्हा तिथल्या बाईंनी स्क्रीनच माझ्याकडे वळवली. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डवर आधी माझं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. आधारवर आडनाव पुढे. पॅनवर माझ्या नावात बाबांचं नाव मुळी नाहीच. आणि बँकेच्या पासबुकात आडनावात एक ‘ए’ जास्तीचा. ‘ही चारही तूच आहेस हे मला कळतंय, सिस्टिमला कसं कळणार?’ असं त्या म्हणाल्या.

मी खानापूर तालुक्यातली. मराठी शाळेत शिकले, बेळगावात इंजिनिअरिंग केलं, आठव्या सेममध्ये इंटर्नशिपसाठी बंगळूरला गेले आणि पुढे तिथेच नोकरीला लागले. दरवर्षी डिसेंबर उजाडला की तालुक्यातल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. ताई, पीजी कुठं बघू? ताई, कन्नड नीट येत नाही, चालेल काय? ताई, कंपनी पाच हजार भरायला सांगतेय, भरू काय? फोनवर तुटक तुटक सांगितलेलं सगळं इथे सलग लिहिते आहे.

कुठली राजधानी?

आपल्याकडच्या मुलांसमोर तीन राजधान्या असतात. मनाने जवळची मुंबई, कागदाने जवळची बंगळूर आणि दोघींपेक्षा लांबची दिल्ली. माझं मत स्पष्ट आहे. पहिली इंटर्नशिप असेल, घरची ओढाताण असेल, तर बंगळूर धरा. तुम्ही कर्नाटकाचे रहिवासी आहात, तुमची मार्क्स कार्डं कर्नाटकाची आहेत आणि या राज्याच्या ज्या काही सोयी आहेत त्यांवर तुमचा पूर्ण हक्क आहे. आपल्या घरात बातम्या मराठी चॅनेलवर बघतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या योजना आपल्याला तोंडपाठ असतात आणि स्वतःच्या राज्यातल्या माहीतही नसतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यांना ६,००० रुपये, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,०००. मला किमान दहा जणांनी ते पोस्टर पाठवलं. पण त्याला महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं. निपाणीच्या एका मुलाने त्या अर्जामागे तीन आठवडे घालवले आणि तेवढ्यात बंगळूरच्या एका चांगल्या कंपनीची मुदत संपून गेली.

केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली. बारा महिने, महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६,००० रुपये, असं तिचं स्वरूप ठरलं होतं. पण सुरुवातीच्या नियमांत पूर्णवेळ शिक्षण चालू असणाऱ्याला तिच्यात अर्ज करता येत नव्हता. म्हणजे ती डिग्री झाल्यावरची गोष्ट होती. सेम चालू असताना तिच्या मागे लागण्याआधी आताचा नियम बघा.

बीए, जर्नलिझम किंवा लॉ करणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट आहे. बेळगावची सुवर्ण विधानसौध ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. हिवाळी अधिवेशन तिथे भरतं तेव्हा बंगळूरचं सगळं सरकार आठ-दहा दिवस आपल्या दारात येतं. कॉलेजच्या पत्रावर प्रेक्षक गॅलरीचे पास काढून कामकाज बघता येतं. बाहेरगावचे पत्रकार त्या दिवसांत बेळगावात असतात आणि त्यांना स्थानिक माहिती असलेला, मराठी-कन्नड दोन्ही समजणारा मदतनीस हवा असतो. तिथे केलेलं आठ दिवसांचं काम पुढे बंगळूरच्या अर्जात उपयोगी पडतं.

चार महिने आधी : कागद

फेब्रुवारीत जायचं असेल तर ऑक्टोबरात बसा. मार्क्स कार्ड, आधार, पॅन आणि पासबुक ही चार कागदपत्रं टेबलावर एकाखाली एक ठेवा आणि नावाचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. स्पेलिंग, नावांचा क्रम, जन्मतारीख. आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, कारण नाव शाळेत मराठीत, मार्क्स कार्डवर इंग्रजीत, आधारवर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, असं तीन लिप्यांतून फिरत आलेलं असतं. गावाच्या नावाचंही तेच. एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांत हा फरक राहतोच. पत्त्यातल्या या फरकाने सहसा काही अडत नाही. अडतं ते माणसाच्या नावाने.

दुरुस्ती करायची तर मार्क्स कार्ड मुख्य धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. मार्क्स कार्ड बदलायचं म्हणजे शाळा, तिथून बोर्ड, मग परत शाळा. त्यात महिने जातात. पॅनची दुरुस्ती ऑनलाइन होते आणि खर्च शंभर-सव्वाशे रुपयांच्या आसपास येतो. बँकेचं काम शाखेत अर्ज देऊन होतं. आधारचं मात्र सांभाळून करा, कारण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. केंद्रावरच्या माणसाने टाइप केलेलं ‘सबमिट’ करण्याआधी स्वतः वाचा. तो घाईत असतो, तुम्ही असू नका.

बँक खातं आधारशी जोडलेलं आणि चालू असायला हवं. शिष्यवृत्तीसाठी आठवीत उघडलेलं आणि नंतर कधीच न वापरलेलं खातं बहुधा निष्क्रिय झालेलं असतं.

मग कॉलेजचा कागद. कॉलेजचं ना हरकत पत्र घेतल्याशिवाय कुठेही अर्ज पक्का करू नका. विटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) २०२२ च्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप शेवटच्या वर्षी, १४ ते २० आठवड्यांची आहे आणि तिला क्रेडिट आहेत. आठवडे कमी पडले, किंवा विभागाने मान्य केलेल्या जागेऐवजी भलतीकडेच केली, तर सर्टिफिकेट हातात असूनही क्रेडिट मिळत नाहीत. गाइडना आधी विचारा. त्यांच्याकडून साप्ताहिक डायरीचा नमुना, कंपनीच्या पत्राचा नमुना आणि मूल्यमापनाचा फॉर्म पहिल्या दिवसाआधीच घेऊन ठेवा.

जागा शोधायची, खोटी ओळखायची

शोधायच्या जागा तुम्हाला माहीत आहेत : एआयसीटीईचं (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेचं) इंटर्नशिप पोर्टल, विटीयूचं पोर्टल, लिंक्डइन, कंपन्यांची स्वतःची संकेतस्थळं. माझा अनुभव असा, की सगळ्यात जास्त जागा आपल्याच कॉलेजच्या सीनियरकडून मिळतात. आपल्या मुलांना विचारायचा संकोच वाटतो. करू नका. मी स्वतः पाच सीनियरना मेसेज केले होते. दोघांनी उत्तरच दिलं नाही, एकाने ‘बघतो’ म्हटलं, एकाने रेझ्युमे मागवून त्यात लाल खुणा करून परत पाठवला आणि पाचवीमुळे मला जागा मिळाली. मेसेजमध्ये ‘ताई, काही असेल तर सांगा’ असं मोघम लिहू नका. कुठलं सेम, कुठला विषय, कोणत्या तारखेपासून किती आठवडे मोकळे, केलेला एक प्रोजेक्ट दोन ओळींत, आणि सोबत एक पानी रेझ्युमे. एवढं आलं की पुढच्याला लगेच पुढे पाठवता येतं.

आता पैसे मागणाऱ्यांविषयी. खरी कंपनी इंटर्नकडून रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, लॅपटॉप डिपॉझिट किंवा सर्टिफिकेट फी घेत नाही. ‘ट्रेनिंग अधिक इंटर्नशिप’ या नावाने पाच-दहा हजार घेऊन महिनाभर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यात शिकायला मिळालंच तर तो क्लास झाला, इंटर्नशिप नव्हे.

कंपनी खरी आहे का हे बघायला पैसे लागत नाहीत. ऑफर लेटरच्या तळाशी सीआयएन नावाचा २१ अक्षरांचा क्रमांक असतो. तो घाबरवणारा दिसतो, पण वाचता येतो. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ असेल तर नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात. त्यानंतरची दोन अक्षरं राज्याची असतात, कर्नाटक असेल तर ‘केए’. पुढचे चार आकडे म्हणजे कंपनी कुठल्या साली नोंदली गेली ते. मग कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरं आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक किंवा नाव टाकून पत्ता आणि कंपनी चालू आहे की बंद ते बघता येतं. आमच्या गावच्या एका मुलीला आलेल्या पत्रावर ‘पंधरा वर्षांचा अनुभव’ असं छापलं होतं आणि सीआयएनमधलं साल आदल्या वर्षीचं होतं. तिने पैसे भरले नाहीत. लहान फर्म किंवा स्वयंसेवी संस्थेला सीआयएन नसेलही. तिथे जीएसटी किंवा संस्थेची नोंदणी बघा आणि तिथे आधी काम केलेल्या एखाद्या इंटर्नशी बोला.

मुलाखत

बहुतेक मुलाखती ऑनलाइन होतात आणि आपल्याकडे पहिला प्रश्न रेंजचा येतो. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा नसतो. मुलाखत असेल त्या दिवशी बेळगावात येऊन मित्राची खोली, कॉलेजची लॅब, काकाचं घर, काहीही गाठा. डोंगरावर चढून फोन उंच धरून दिलेली मुलाखत मी पाहिली आहे. त्या मुलाला विषय येत होता, पण समोरच्याला त्याचा अर्धाच आवाज पोचला.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातल्या प्रत्येकाला असते, मलाही होती. ओघवतं इंग्रजी यायला वर्षं लागतात, तुमच्याकडे आठवडे आहेत. तेव्हा एक प्रोजेक्ट निवडा आणि त्याच्यावर येऊ शकणारे वीस प्रश्न लिहून काढा. का केलं, कसं केलं, हेच का वापरलं, काय चुकलं, पुन्हा केलं तर काय बदलाल. प्रत्येकाचं उत्तर तीन छोट्या वाक्यांत तयार करा आणि मोठ्याने म्हणा. माझा प्रोजेक्ट मातीतली ओल मोजून ठिबक चालू-बंद करण्याचा होता. मुलाखत घेणाऱ्याने सेन्सरबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मग विचारलं, ‘हे प्रत्यक्ष कुठे लावलं होतंस?’ मी सांगितलं, बाबांच्या उसात लावलं होतं आणि तिसऱ्या दिवशी उंदराने वायर कुरतडली. मग ती पाइपात घातली. पुढची दहा मिनिटं आम्ही त्या वायरीबद्दलच बोललो. माझं व्याकरण चुकत होतं, पण मी सांगत होते ते माझ्या हातांनी केलेलं होतं. आपल्या शेतात, दुकानात, गावात केलेलं काम लपवू नका.

कन्नड

हा भाग मी सगळ्यात मनापासून लिहिते आहे.

मराठी शाळेतही आपण कन्नड शिकतो, परीक्षा देतो. त्यामुळे पाटी वाचता येते, बोलायला मात्र जीभ वळत नाही. बंगळूरला गेल्यावर ‘तिथे हिंदी-इंग्रजी चालतं’ म्हणून आपण तोंड उघडतच नाही. ऑफिसात चालतंही. पण बसचा कंडक्टर, पीजीच्या स्वयंपाकघरातली अक्का, गेटवरचा अण्णा आणि रिक्षावाला या चार माणसांशी रोज गाठ असते आणि दिवस बरा जाणार की वाईट हे पुष्कळदा तीच ठरवतात. अक्का, अण्णा हे शब्द तर दोन्ही भाषांत तेच आहेत. तिथून सुरुवात करा.

दहा वाक्यं पुरेत. ‘एष्टु आगुत्ते?’ म्हणजे किती होतील. ‘इल्ले निल्लिसि’ म्हणजे इथेच थांबवा. ‘स्वल्प निधानवागि हेळि’ म्हणजे जरा सावकाश सांगा. ‘कन्नड कलीता इद्दीनि’ म्हणजे कन्नड शिकते आहे. हे शेवटचं वाक्य ऐकलं की समोरचा माणूस हसतो आणि स्वतःच सावकाश बोलायला लागतो, निदान मला तरी तसाच अनुभव आला. ‘ऊट आय्ता?’ हे जेवण झालं का विचारणं तिथे ‘कसं आहे’च्या जागी येतं. त्याचं उत्तर ‘आय्तु, निम्दु?’ असं द्या.

एक गंमत तुमच्या लक्षात येईल. आपण बेळगावच्या बाजारात ऐकलेलं कन्नड ‘री’ लावून बोलतो : ‘बर्री’, ‘हौद्री’. बंगळूरकर ‘बन्नि’, ‘हौदु’ म्हणतात. तुमचा ‘री’ ऐकला की ते लगेच विचारतील, उत्तर कर्नाटक का? लाजू नका. त्या ‘री’मुळेच मला धारवाड, विजापूर, बागलकोटकडच्या मैत्रिणी मिळाल्या आणि भाकरी मिळणाऱ्या खानावळींचे पत्ते मिळाले.

कन्नड शिकल्याने मराठी कमी होत नाही. घरी फोनवर मी आजही खानापूरचीच मराठी बोलते.

पैसे, पीजी आणि घरी कसं सांगायचं

हिशोब वहीत मांडा. बंगळूरला दोघांत किंवा तिघांत खोली, जेवणासह पीजी, महिना आठ ते बारा हजारांच्या आसपास पडतं, भागानुसार कमी-जास्त. बस-मेट्रोला दीड-दोन हजार, बाहेरचा चहा-नाश्ता आणि रविवारचं जेवण दोन-अडीच हजार, घरी एक फेरी. म्हणजे पंधरा हजार धरून चाला. स्टायपेंड दहा हजार असेल तर महिना पाच हजार घरून लागणार आणि पहिला स्टायपेंड दीड महिन्याने हातात येणार. शिवाय पीजीचं डिपॉझिट. म्हणून निघताना तीस हजार हाताशी हवेत. हे जानेवारीत अचानक सांगू नका. ऊसबिल कधी येणार, तंबाखूचे पैसे कधी सुटणार यावर घरचा हिशोब चालतो, तेव्हा ऑक्टोबरातच आकडा सांगून ठेवा. स्टायपेंडमधून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, कापला गेला तर तोही विसरू नका. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ती रक्कम परत मिळते. यासाठीही पॅन नीट हवं.

पीजी फोटो बघून बुक करू नका. आधी दोन दिवस ओळखीच्यांकडे उतरा आणि संध्याकाळी सातनंतर पीजी बघायला जा, कारण त्या वेळी सगळी मुलं परतलेली असतात आणि खरी गर्दी, खरं जेवण, खरा आवाज कळतो. नळ सोडून बघा. पाणी कावेरीचं, बोअरचं की टँकरचं ते विचारा. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची मोठी टंचाई झाली होती आणि आपली इंटर्नशिप नेमकी फेब्रुवारी ते मे असते. डिपॉझिटमधून जाताना किती कापणार, नोटीस किती दिवसांची, मध्येच सोडलं तर काय, हे व्हॉट्सअॅपवर का होईना पण लेखी घ्या. माझ्या मैत्रिणीचे ‘मेंटेनन्स’ म्हणून साडेतीन हजार कापले गेले आणि तिच्याकडे एक ओळही लेखी नव्हती.

जागा ऑफिस बघून ठरवा. व्हाइटफील्डकडे ऑफिस असेल तर मेट्रोच्या पर्पल लाइनवरच्या एखाद्या स्टेशनाच्या चालत्या अंतरावर राहा. इलेक्ट्रॉनिक सिटीला असेल तर ऑगस्ट २०२५ पासून आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र यलो लाइन सुरू झाली आहे, तिच्या आसपास बघा. हजार रुपये वाचवायला लांब राहिलात आणि ऑफिस-पीजीच्या मध्ये सिल्क बोर्डचा चौक आला, तर रोजचे दोन तास ट्रॅफिकमध्ये जातील.

प्रवास

बेळगाव-बंगळूर रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या आसपास. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रीची आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वंदे भारतही आहे, पण इंटर्नच्या खिशाला स्लीपरच बरा. निपाणीकरांच्या गावात रेल्वे नाही, त्यांना महामार्गावरची बस सोयीची. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. इंटर्नशिप पावसाळ्यात असेल तर गणपतीला यायचं तिकीट त्या साठाव्या दिवशी सकाळीच काढा. दुपारपर्यंत वेटिंग लागलेलं असतं.

मुलींनो, शक्ती योजना तुमच्यासाठी आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये राज्याच्या आत मोफत प्रवास आहे. बंगळूरच्या बीएमटीसीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, साध्या बसही त्यात येतात, एसी बस नाहीत. कर्नाटकाचा पत्ता असलेलं आधार दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचं. उतरेपर्यंत ते जपायचं, चेकर येतो. पहिल्या महिन्यात मी मराठी नावाचं आधार दाखवायला उगीच बिचकत होते आणि रोज तिकीट काढत होते. एका कंडक्टरनेच आधार वाचून ‘बेळगावा? मत्ते याके दुड्डु?’ म्हणून पैसे परत दिले. बेळगावची ना, मग पैसे कशाला?

पहाटे मॅजेस्टिकला, म्हणजे बंगळूरच्या मुख्य स्टँडच्या भागात, उतरलात तर घाईने रिक्षा करू नका. रेल्वे स्टेशन, बसस्टँड आणि मेट्रो एकमेकांना लागून आहेत. मेट्रो पहाटे पाचच्या सुमारास सुरू होते, रविवारी मात्र सातला. खासगी स्लीपर बस आनंदराव सर्कलला सोडते, तिथून मॅजेस्टिक चालत गाठता येतं. रिक्षा हवीच असेल तर नम्म यात्रीसारख्या अॅपवर भाडं बघून बसा.

ऑफिसात

पहिले दोन आठवडे कुणी काम देत नाही. मेंटॉर मीटिंगमध्ये असतो आणि तुम्ही खुर्चीवर अवघडून बसलेले असता. सगळ्यांचं असंच होतं, त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. प्रश्न दिवसभर वहीत लिहा आणि मेंटॉरला चार वाजता दहा मिनिटं मागून एकत्र विचारा. संध्याकाळी निघताना आज काय केलं ते तीन ओळींत लिहा. आठवड्याच्या शेवटी त्याच ओळी कॉलेजच्या डायरीत जातात आणि शेवटच्या रिपोर्टाचं निम्मं काम तिथेच होतं. ऑफिसच्या स्क्रीनचा फोटो स्टेटसला ठेवू नका. घरच्यांना कौतुक दाखवायचं असेल तर कँटीनमधला दाखवा.

कुणी नकोसं बोललं, नकोसं वागलं तर ‘मी तर इंटर्न’ म्हणून गप्प बसू नका. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार देता येते. समितीतल्यांची नावं ऑफिसात लावलेली असायला हवीत. पहिल्याच आठवड्यात ती वाचून ठेवा.

आणि सीमाप्रश्न. ‘तू मराठी, म्हणजे महाराष्ट्राची?’ हे तुम्हाला विचारलं जाणार. मी सरळ सांगते : मी बेळगाव जिल्ह्याची, घरात मराठी बोलतो. १ नोव्हेंबरला ऑफिसात राज्योत्सव असतो, लाल-पिवळे शेले, मिठाई, गाणी. आपल्या गावात त्याच दिवशी काळा दिन पाळतात. पहिल्या वर्षी त्या दिवशी सुटी घ्यावी असं वाटलं होतं. मग गेले. मिठाई घेतली, वाद घातला नाही, आणि घरच्या भावनेबद्दल एका जवळच्या कन्नड मैत्रिणीला दुपारी शांतपणे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो चहाच्या टेबलावर सुटायचा नाही, पण तिथे मैत्री मात्र तुटू शकते. सीमेवर तणाव झाला की आंतरराज्य बस बंद होतात. कोल्हापूरमार्गे यायचा बेत असेल तर अशा वेळी तो बदला.

घरची आठवण पहिल्या रविवारी येते. गांधीनगरातल्या महाराष्ट्र मंडळात जाऊन या, किंवा ‘उत्तर कर्नाटक’ लिहिलेल्या खानावळीत बसून जोळद रोट्टी आणि एण्णेगाई मागवा. ताटात ज्वारीची भाकरी आणि भरली वांगीच येतात.

दिल्लीला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

नीती आयोगाची इंटर्नशिप सहा आठवडे ते सहा महिन्यांची असते. अर्ज महिन्याच्या १ ते १० तारखेत घेतात आणि स्टायपेंड नसतो. पदवीच्या मुलांना दुसरं वर्ष झालेलं आणि बारावीला, म्हणजे आपल्या सेकंड पीयूसीला, ८५ टक्के लागतात. सहा आठवड्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च जुळत असेल तरच अर्ज करा. बेळगावहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते, दोन रात्री लागतात. भाषेची अडचण तिथे कमी आणि थंडी-उन्हाची जास्त.

शेवटचा आठवडा

सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी मागू नका, दहा दिवस आधी मेल करा. एचआरची माणसं सुटीवर जातात. मसुदा आधी मागवून घ्या आणि कॉलेजच्या नमुन्याशी ताडून बघा. सुरू झाल्याची तारीख ऑफर लेटरवरचीच आहे का, आठवडे विटीयूला पुरतील एवढे आहेत का, विभागाचं नाव, सही, शिक्का. मूल्यमापनाचा फॉर्म मेंटॉरकडून समोर बसून भरून घ्या. आयडी कार्ड आणि लॅपटॉप परत केल्याची मेलवर पोच घ्या. पीजीवाल्याला नोटीस महिनाभर आधी दिलेली असू द्या आणि डिपॉझिट हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

आणि मसुद्यातलं तुमचं नाव मार्क्स कार्ड शेजारी ठेवून, बोट ठेवून वाचा. माझ्या मसुद्यात तो जास्तीचा ‘ए’ परत आला होता. मी मेल केली, दुसऱ्या दिवशी दुरुस्त होऊन आलं आणि त्याच रात्री राणी चन्नम्मा पकडली.